डब्यातले चौदा पेले

घोटावडे,
९ जानेवारी २०२५

चि. आरोही,

हैबतरावांनी 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायला घेतलं व्हतं. मी खोडायला लावलं. अनेक कशाला, एकच देते, तो पुरवून वापर.

हैबतराव म्हंजे समोरच्या घरातले, आपले तलाठी. जन्मभर लोकांच्या नावावर जमिनी लिहिल्या, आता माझं बोलणं लिहितायत. त्यांना सांगून ठेवलंय, मी बोलते तसंच उतरवा. तरी मधूनच शुद्ध करतात. जितं लई शुद्ध वाटंल तितं समज, हात त्यांचा आन् तोंड माझं.

तुला वाटंल, म्हातारीला पत्राचं खूळ कुठून आलं. तर ऐक. तुझ्या त्या लातूरच्या होस्टेलात फोन कपाटात कुलूप लावून ठेवतात, रविवारी दहा मिनिटं देतात, आन् ती दहा मिनिटं तुझी आई खाते. किती मार्क पडले, कोनाला किती पडले, ह्यातच. मग ती पिरंगुटवरनं मला फोन जोडून देती तवा 'ठेवते गं आजी' एवढंच उरलेलं असतं. गेल्या रविवारी तेही न्हाई. नुसता श्वास ऐकू आला. रेश्माला, तुझ्या आईला म्हणलं, पोर बोलत का न्हाई? ती म्हणाली, अभ्यासाचा ताण हाय. असंल. पण ताण आलेली पोर खाते तरी, न्हाईतर रडते तरी. तू दोन्ही केलं न्हाईस. तवापासून माझा पाय घरात ठरंना. ओट्यावरून गोठ्यात, गोठ्यातून ओट्यावर. म्हशीला पण माझा कंटाळा आला.

दुसरी गोष्ट. किमयाची खोली झाडली. तीन वर्सं ती पोरगी आपल्याकडं भाड्यानं राहिली. हिंजवडीच्या कंपनीतून आली की पलंगावर चित्रांची पानं मांडून बसायची आन् मला म्हणायची, आजी, एक ओढा, भविष्य सांगते. मी म्हणायची, माझं भविष्य होऊन गेलं बाई, तुझंच ओढ. ती बंगळूरला गेली, पण पानांचा डबा टेबलाच्या खणात व्हता. आता न्हाई. तू लातूरला गेलीस त्या दिवसापासून न्हाई. मी कुणावर आळ घेत न्हाई. हैबतरावांवर पण न्हाई.

नाचणीचे लाडू पाठवलेत. मोठा पत्र्याचा डबा हाय, आईनं कुरिअर केलाय. रिकामा झाला की कळव.

खाली अंगठा करते. शाईचा पॅड तलाठी ऑफिसातला हाय, हात धुतला तरी जात न्हाई.

तुझी आजी
धोंडाबाई भिकू गुरव
(अंगठा)


लातूर,
१७ जानेवारी

प्रिय आजी,

डबा मीच आणला. किमयाताई 'ठेव तुला' म्हणाली होती, हवं तर विचार तिला. गादीखाली ठेवलाय. वॉर्डनला माहीत नाही, आईला तर नाहीच. हैबतरावआजोबा, तुम्ही हे वाचून दाखवताना मधे आपलं मत घालू नका, प्लीज.

याला टॅरो म्हणतात. एकूण अठ्ठ्याहत्तर पानं. त्यातली बावीस मोठी आहेत, त्यांच्यावर साधू, राजा, मरण असलं काय काय आहे. ती मी बाजूला ठेवली. उरलेली छप्पन्न आपल्या पत्त्यांसारखीच चार रंगांची, एका रंगाची चौदा. फक्त बदाम, किलवर असं काही नसून काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी. डब्याच्या झाकणाला आतून किमयाताईनं स्वतःच्या हातानं लिहिलेला एक कागद चिकटवलाय. काठ्या म्हणजे आग, अंगातली रग. ज्यांना काहीतरी नवं उभं करायचंय त्यांच्या. नाटक, चित्रकला, धंदा काढणं हे सगळं त्यांच्यात. पेले म्हणजे पाणी आणि माया. साहित्य, माणसाच्या मनाचा अभ्यास, आणि डॉक्टर-नर्सचं शिक्षण पेल्यांत. तलवारी म्हणजे वारा, म्हणजे बुद्धी. कायदा, गणित, तर्क. नाणी म्हणजे माती. शेती, दगडधोंड्यांचं शास्त्र, व्यापार.

रोज सकाळी अभ्यासिकेत जायच्या आधी मी एक पान ओढते आणि वहीत लिहून ठेवते. सहा दिवस झाले. नाणी, काठी, तलवार, नाणी, तलवार, काठी. तलवारींचं आठवं पान आलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक बाई उभी आहे आणि तिच्याभोवती आठ तलवारी जमिनीत रोवल्यात. अगदी आमच्या अभ्यासिकेचा फोटो.

मी काही मनावर घेत नाही, नुसता विरंगुळा. बसवत नाही गं एका जागी. पेन बदलते, खुर्ची बदलते, पाणी प्यायला उठते, परत येते तर तेच पान उघडं. पण अभ्यास चांगला चाललाय. डॉक्टरकीच्या परीक्षेचा फॉर्म मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरायचाय. गेल्या वर्षी कमी पडले, या वर्षी होईल असं सगळे म्हणतात.

आईला पानांचं सांगू नकोस. लाडू मस्त आहेत.

तुझी
आरोही


घोटावडे,
२५ जानेवारी

चि. आरोही,

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. हैबतरावांनी मत घातलं न्हाई, फक्त 'मरण' शब्द आला तवा खाकरले.

आता त्या किमयाच्या कागदाबद्दल. डॉक्टर पेल्यात कसा गेला? माझं आपरेशन झालं तवा मी डॉक्टरच्या हातात पेला पाहिला न्हाई, सुरीच पाहिली. तो तलवारीतच पाहिजे. आन् शेतकरी म्हणं नाण्यात! आपल्या गावात शेती करणाऱ्याच्या हातात मी जन्मभर काठी बघितली. जमीन विकून टाकली त्यांच्या हातात नाणी आली, ते आता शेती करत न्हाईत. बरं, तलवार म्हंजे बुद्धी, मग मायेला बुद्धी नसती का? तुझ्या आज्याला ताप आला की मी बुद्धीनंच पोटात पेज घालायची, मायेनं घातली असती तर भजी तळून दिली असती.

हैबतराव विचारतायत, तलाठी कुटं बसला? मी म्हणलं, तलवारीत. लोकांचे बांध तुमीच कापलेत. ते हे लिहीत नव्हते, लिहायला लावलं.

पण मी हसते म्हून मला ह्यातलं कळत न्हाई असं समजू नकोस. मी गुरवाची बायको हाय. तुझे आजोबा चाळीस वर्सं वाघजाईचा कौल लावायचे, आता तुझा राजूमामा लावतो. तू लहानपणी बघितलायस. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवीच्या उजव्या खांद्याला, एक डाव्याला. पाण्यानंच चिकटतात. मग ज्याला विचारायचं त्यानं मोठ्यानं विचारायचं आन् गप बसायचं. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली. डावी पडली तर न्हाई. लग्न, विहीर, कोर्टकज्जा, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. पाकळ्या भिजवून ताटात मांडायचं काम आजपर्यंत माझ्याचकडं हाय.

म्हून तुला एक सांगते. पान काय आलं ते मागून बघावं. गड्डी कोनी लावली ते आधी बघावं.

तू लिहिलंस, अभ्यास चांगला चाललाय. आन् त्याच्याच आधी लिहिलंस, बसवत न्हाई. ह्यातलं एक खरं हाय. कुठलं ते पुढच्या पत्रात लिही. रोजची पानं पण लिही, मला मजा येती.

तुझी आजी
(अंगठा)


लातूर,
३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

बसवत नाही हे खरं.

मॉक टेस्टमध्ये मार्क उतरले. सर म्हणाले, तुझं लक्ष कुठंय? मलाही माहीत नाही. वर्गात एकशे वीस जणी एकदम पान उलटतात तेव्हा जो आवाज होतो ना, तो ऐकला की मी उठून बाहेर पडते. जिन्यावरून खाली जाते, परत वर येते. काल माझ्या खोलीतली तृप्ती म्हणाली, तू एक तर बस नाहीतर जा. मी गच्चीवर गेले, तिथंही फेऱ्याच मारल्या.

पानं सांगते. गेल्या सोळा दिवसांत नाणी आठ वेळा, काठ्या पाच वेळा, तलवारी तीन वेळा. आजी, आठ वेळा नाणी! नाण्यांच्या तिसऱ्या पानावर एक पाथरवट देवळात काम करतोय, हातात छिन्नी आहे. ते दोनदा आलं. आणखी एका पानावर एक मुलगा हातातलं नाणं उंच धरून असा बघतोय, जसं त्याला ते आत्ताच जमिनीत सापडलंय.

ते पान बघून मला आठवलं. पौडच्या रस्त्याला त्या रिसॉर्टची विहीर खणत होते, सुरुंग लावायचे, आणि मी सुट्टीत तुझ्याकडं असले की तिथून दगड आणायची. बाहेरून काळे, आतून पोकळ, आणि पोकळीत पांढऱ्या सुया. तू माझ्या फ्रॉकचे फाटलेले खिसे शिवायचीस आणि शिव्या द्यायचीस. आईनं ते सगळे दगड तुझ्या अंगणात तुळशीभोवती रचून टाकले. मी खूप रडले होते. काळ्या दगडाच्या पोटात पांढरं कसं उगवतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी इथल्या वाचनालयात एका जाड पुस्तकात सापडलं. ते पुस्तक मी तीनदा वाचलं. ते परीक्षेला नाहीये.

आता तुला खरं सांगते. मी ठरवलंय, किंवा ठरवायचं नाही असं ठरवलंय. मार्चच्या पहिल्या रविवारी मी शेवटचं एक पान ओढणार. पेला आला तर फॉर्म भरणार आणि पुन्हा एक शब्द बोलणार नाही. दुसरं काही आलं तर फॉर्म भरणार नाही. घरी येईन आणि जूनमध्ये पुण्यात बी.एस्सी.ला जाईन, भूगर्भशास्त्र घेईन. जे येईल ते. निदान मी निवडलं असं कुणी म्हणणार नाही.

तुझी
आरोही


घोटावडे,
१० फेब्रुवारी

आरोही,

आधीची सहा पानं आन् आताची सोळा, बावीस झाली. हैबतरावांना आधीचं पत्र पुन्हा काढायला लावलं आन् मी बोटांवर मोजलं. नाणी, काठ्या, तलवारी. चार रंगांची गड्डी, बावीस दिवस, आन् पेला एकदाही न्हाई.

हैबतराव म्हणतात, योगायोग असंल. हैबतराव भोळे हायेत, तलाठी असून.

मी चाळीस वर्सं पाकळ्या भिजवल्या, बाळ. सारखा एकच कौल यायला लागला की गुरवीण देवीकडं बघत न्हाई, ताटाकडं बघती.

पेले कुटं ठेवलेस?

आजी
(अंगठा)


लातूर,
१६ फेब्रुवारी

आजी,

तुझ्या लाडवांच्या डब्यात. तळाला कागदाखाली. चौदाच्या चौदा.

पत्र वाचलं आणि आधी हसू आलं, मग रडू. तृप्तीला वाटलं, घरी कुणीतरी गेलं.

पहिल्या दिवशी पेलाच आला होता. पेल्यांचा एक्का, ढगातून एक हात येतो आणि त्या हातावर पेला, त्यातून पाणी सांडतंय. किती सुंदर चित्र आहे, आणि मला ते बघवलं नाही. मी ते पान परत घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेला. मग मी सगळे वेचून काढले आणि डब्यात घातले, आणि स्वतःला सांगितलं की हे फक्त गंमत म्हणून. खरंच सांगते, नंतर मी विसरलेच की मी असं केलंय. रोज नाणी आली की वाटायचं, बघ, पानंसुद्धा तेच म्हणतायत.

पण आईचं काय करू? तिचं तुला माहीतच आहे. बारावी झाल्यावर तिचं पुण्याला नर्सिंगला नाव लागलं होतं, आजोबांनी कौल लावला आणि वाघजाईनं नाही म्हटलं. मी हे चालायला लागल्यापासून ऐकतेय. 'मला देवीनं अडवलं. तुला कुणी अडवणार नाही.' माझ्या प्रत्येक वाढदिवसाला. तिला मी काय सांगू, की मला कुणी अडवलेलं नाही, मलाच जायचं नाही?

ती माझं ऐकणार नाही. पानांना तर ती हसेल. पण कौलाचं ऐकेल. आजी, तू राजूमामाला सांग ना कौल लावायला. तिच्यासमोर. आणि पाकळ्या तूच भिजवतेस.

यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. तुला कळलं असेल.

आरोही


घोटावडे,
२२ फेब्रुवारी

चि. आरोही,

कळलं. कळलं म्हून तीन दिवस उत्तर दिलं न्हाई. रोज सकाळी हैबतराव पेन घेऊन ओट्यावर यायचे आन् मी म्हणायची, उद्या. आज ते म्हणाले, वहिनी, तुमचं हे उद्या-उद्या आमच्या ऑफिससारखं झालं. म्हून बसले.

तू मागतेस ते मला येतं. लई चांगलं येतं. त्याचंच सांगायचं हाय.

तुझ्या आईच्या कौलाला उजव्या पाकळीला मी गुळाचं पाणी लावलं व्हतं.

हितं हैबतरावांचा हात थांबला. मी म्हणलं, लिहा. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, वहिनी, मी रस्त्याकडची जमीन विकू का म्हून कौल लावला व्हता, तवा डावी पडली व्हती. तो...? मी म्हणलं, तो देवीचा व्हता हो, तुमच्या जमिनीत मला काय पडलंय? त्यांना पटलेलं दिसत न्हाई. पेन असं दाबून लिहितायत की कागदाला भोक पडंल.

नुसतं पाणी असलं की पाकळी वाळते आन् पडते. गूळ असला की धरून ठेवते. उजवी धरून राहिली, डावी पडली. तुझे आजोबा मोठ्यानं म्हणाले, आईची इच्छा न्हाई. रेश्मा माझ्या मागं उभी व्हती. नवं शिवलेलं पोलकं घालून आली व्हती, पुण्याला जायचं म्हून शिवलेलं. ते तिनं पुन्हा कधी घातलं न्हाई.

का केलं? सासू अंथरुणावर, राजू लहान, घरातलं काम कोनी करायचं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं हाय, पण सगळं न्हाई. घरात अक्षर वाचता येणारं बाईमाणूस ती एकच. माझ्या माहेरचं पत्र आलं की ती वाचायची, मी सांगीन ते ती लिहायची. ती गेली की मी आपल्याच घरात मुकी झाले असते. म्हून एक चिमूट गूळ. तुझ्या आजोबांना अखेरपर्यंत कळलं न्हाई. तुझ्या आईला तीस वर्सं वाटतंय, देवीनं अडवलं. देवीनं न्हाई. मी अडवलं. आन् त्याचं ओझं तू लातुरात वाहतेयस.

तर आता पुन्हा पाकळी लावू? ह्या वेळी तुझ्या बाजूनं? मी तीन दिवस त्याचाच विचार केला. एकदा तर गूळ हातात घेतला. मग ठेवला. मी पुन्हा लावली तर रेश्माला दुसऱ्यांदा देवीचं नाव सांगून फसवलं असं व्हईल. आन् तू आयुष्यभर म्हणशील, मला देवीनं पाठवलं. उद्या एखादा दगड नाही फुटला की देवीला शिव्या.

पेले डब्यात गेले त्याच दिवशी तुझं ठरलं व्हतं, पोरी. ज्याचं ठरलेलं नसतं तो गड्डीला हात लावत न्हाई. मी पण गूळ लावला तवा मला लई चांगलं ठाऊक व्हतं, मला काय पाहिजे. फक्त तोंडानं म्हणायची लाज वाटली.

मी रेश्माला सांगणार हाय. पुढच्या आठवड्यात ती पिरंगुटवरनं येणार हाय, तवा. तू तुझं तुझ्या तोंडानं सांग. आन् पेले गड्डीत परत घाल, किमयाची वस्तू हाय, अर्धी ठेवू नये.

मला भीती वाटती. हैबतराव, हे पण लिहा.

आजी
(अंगठा)


घोटावडे,
२७ फेब्रुवारी

चि. आरोही,

आज अक्षर वेगळं दिसंल. हैबतराव ओट्यावर येऊन बसले व्हते, पण तुझ्या आईनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं आन् म्हणाली, आज मी लिहिते. ते अजून समोर बसलेत. जात न्हाईत. चहा पाहिजे.

सांगितलं बाई. सकाळी ती पावट्याच्या शेंगा सोलत व्हती. मी तीनदा आत गेले, तीनदा बाहेर आले. ती म्हणाली, आई, काय हरवलंय? मग मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, गूळ, पाकळी, पुण्याचं पोलकं. तुझं पण सांगितलं, पेले, दगड, फॉर्म. तुझं तू सांग म्हणलं व्हतं, पण एकदा तोंड उघडलं ते मिटंना. माफ कर.

मला वाटलं, ओरडंल. न्हाईतर रडंल. ती शेंगा सोलत राहिली. दाणे सुपातनं बाहेर आन् सालं सुपात टाकत व्हती.

(हे खोटं आहे. दोनदाच चुकले. रेश्मा)

लिहिणारीनं मधे बोलू नये. मग ती हसली. थोडंसंच. मला राग आला, तीस वर्सांचं पाप सांगितलं आन् ही हसती! धक्का बसला असंल, कधीकधी माणूस धक्क्यानं हसतं. मी म्हणलं, मला काय बोलायचं ते बोल. ती म्हणाली, आई, आधी जेवू.

जेवलो. जेवताना ती म्हणाली, आरोहीला लिहू या. एवढंच. म्हून लिहितोय.

फॉर्मचं काय करायचं ते मी सांगणार न्हाई, आन् हिलापण सांगायचं न्हाई म्हणलंय. ती हे लिहितेय का बघते मी, पण मला काय दिसणार, काळ्यावर काळं. पेले गड्डीत घातलेस का? डबा रिकामा झाला का? मला लई हलकं वाटतंय, तरी पाय ठरत न्हाई. आता कशासाठी ते कळत न्हाई.

तुझी आजी
(अंगठा)


आरोही,

वरचं आजीला वाचून दाखवलं, तिनं अंगठा केला आणि हैबतरावांना चहा द्यायला आत गेली. हे खालचं माझं.

त्या कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाभारा झाडायला मीच गेले होते. उजवी पाकळी देवीच्या खांद्यावर तशीच चिकटलेली होती आणि तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. पाण्यानं चिकटवलेल्या पाकळीला मुंग्या लागत नाहीत. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. मग पाकळी काढली, ओल्या फडक्यानं देवीचा खांदा पुसला, मुंग्या झटकल्या आणि घरी येऊन भाकरी थापायला बसले.

म्हणजे मला तीस वर्षं माहीत आहे. बोलले का नाही? कारण मी पोलकं शिवलं होतं, पण आदल्या दिवसापासून मला भीती वाटत होती. पुणं, होस्टेल, इंग्रजीत शिकवणारे. आईची पाकळी मला सोयीची पडली. मी त्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं तर आजोबांनी पुन्हा कौल लावला असता आणि मला जावं लागलं असतं. मी देवीचं नाव घेत राहिले. तुला प्रत्येक वाढदिवसाला जे सांगत आले ते खरं नव्हतं.

तुला ढकलत राहिले ते म्हणूनच. तू लातूरला जायला कुरकुरलीस, फोनवर गप्प राहायला लागलीस, मला वाटलं, ही भितेय, माझ्यासारखी. हिला मागं सरू द्यायचं नाही. आज शेंगा सोलताना आजीनं पेल्यांचं सांगितलं आणि मला हसू आलं ते त्यामुळं. मी मुंग्या पुसून गप्प बसले होते. तू चौदा पानं मोजून बाजूला काढलीस. हे भ्यायलेल्या मुलीचं काम नाही.

फॉर्म भरू नकोस. हे आजच कुरिअरनं पाठवतेय. रविवारी मी येते, सरांशी आणि वॉर्डनशी मी बोलेन, तू फक्त सामान बांधून ठेव. तुळशीभोवतीचे तुझे दगड आज काढले आणि धुतले. चार फुटलेत, माझ्याच हातून, पण बाकीचे चांगले आहेत. एकाच्या पोटातल्या सुया इतक्या बारीक आहेत की धुताना श्वास रोखून धरला. काळ्यात पांढरं कसं उगवतं ते मला सांग. तेव्हा विचारलं नव्हतं.

आजीला यातलं काही कळू देऊ नकोस. आज दुपारी तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला, मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं एवढी वर्षं जपून ठेवलेलं कबूल केलंय, ते 'मला ठाऊक होतं' म्हणून मी तिच्या हातातून कसं काढून घेऊ?

तू घरी आलीस की ती हे पत्र पुन्हा वाचून घेणार, ओट्यावर बसून, हैबतरावांसमोर. तेव्हा अंगठ्यापर्यंतच वाच. त्याच्या खाली काही लिहिलेलं नाही.

आई